वजाबाकीचे रसायन : कॉफीतून कॅफीन कसे काढतात



शालेय विज्ञानाच्या पुस्तकात मिश्रणातील घटक वेगळे करण्याचा एक धडा असतो. वाळू आणि मीठ एकत्र करायचे, त्यात पाणी घालायचे, ते गाळायचे आणि गाळलेले पाणी आटवायचे. वाळू गाळणकागदावर राहते, मीठ बशीत उरते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रयोग केला आहे आणि परीक्षेत त्यावर दोन-चार गुणही मिळवले आहेत. त्यातले तत्त्व साधे आहे : ज्यात एक पदार्थ विरघळतो आणि दुसरा विरघळत नाही, असा द्रव शोधावा. आजचा विषय हा त्याच धड्याचा पुढचा आणि बराच अवघड भाग आहे. कॉफीच्या बियांतून कॅफीन तेवढे काढून घ्यायचे आणि बाकीची कॉफी होती तशी ठेवायची, हे काम कारखान्यात कसे करतात, ते आपण पाहणार आहोत.

हा विषय आपल्याला परका नाही. चिकमगळूर आणि कोडगू येथील मळे आपल्या सीमाभागापासून फार दूर नाहीत. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. घरात चहाइतकाच कॉफीलाही मान असतो. पुढे वय वाढते, झोप कमी होते, छातीत धडधडते आणि डॉक्टर सांगतात, ‘कॉफी कमी करा.’ मग दुकानात ‘डीकॅफ’ म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी मिळते असे कळते आणि जीव भांड्यात पडतो. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ते कॅफीन काढले कशाने? माझे आजचे प्रतिपादन या एका प्रश्नाभोवतीच आहे. अपाय करणारी वस्तू काढून टाकायची तर ती ज्या वस्तूने काढायची तिचाही हिशेब द्यावा लागतो. या उद्योगाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा हिशेब हळूहळू चोख होत गेल्याचा इतिहास आहे.

कॅफीन म्हणजे काय?

कॅफीनचा शोध ज्या प्रसंगातून लागला, त्यात एक महाकवी आहे. फ्रीडलीब फेर्डिनांड रुंगे हा पंचविशीतला जर्मन विद्यार्थी वनस्पतींतील विषांचा अभ्यास करीत होता. बेलाडोनाच्या अर्काचा थेंब डोळ्यात घातला की बाहुली मोठी होते, हे त्याने १८१९ मध्ये येना येथे गटेला प्रत्यक्ष मांजराच्या डोळ्यावर दाखविले. कवी असूनही निसर्गविज्ञानात मनापासून रस घेणाऱ्या गटेने प्रसन्न होऊन त्याला कॉफीच्या काही बिया दिल्या आणि यांचेही पृथक्करण करून पाहा, असे सुचविले. रुंगेने त्या बियांतून पांढरे, कडू स्फटिक वेगळे केले. तेच कॅफीन. थोड्याच काळात, १८२१ मध्ये, फ्रेंच रसायनज्ञांनीही स्वतंत्रपणे ते मिळविले. चहातील ‘थीन’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ म्हणजे कॅफीनच होय, हे १८३८ मध्ये सिद्ध झाले. पुढे एमिल फिशर याने १८९५ मध्ये प्रयोगशाळेत कॅफीन तयार केले. ज्या संशोधनाबद्दल त्याला १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच संशोधनाचा तो एक भाग होता.

वनस्पतीच्या दृष्टीने कॅफीन हे कीटकांपासून संरक्षण करणारे शस्त्र आहे. माणसाच्या मेंदूत त्याचे कार्य निराळे आहे. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. ते विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटले की आपल्याला थकवा आणि झोप जाणवते. कॅफीनचा रेणू घडणीने अ‍ॅडिनोसीनसारखा असल्याने तो त्या जागा आधीच अडवून बसतो. याचा अर्थ असा की कॅफीन शक्ती देत नाही. थकव्याची वर्दी तेवढी पोहोचू देत नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरातून घेतलेल्या कॅफीनचा निम्मा भाग नाहीसा होण्यास साधारणपणे पाच तास लागतात. गरोदरपणात हा काळ बराच लांबतो. दुपारी चारला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल रात्री नऊलाही शिल्लक असतो, हे एवढ्यावरून समजेल.

अवघड कुठे आहे?

एक हजार किलो कच्ची अरेबिका कॉफी घेतली, तर तिच्यात कॅफीन साधारण बारा किलो असते. रोबस्टा जातीच्या कॉफीत ते जवळजवळ दुप्पट असते. म्हणजे अरेबिकाच्या बाबतीत हजारातील बारा किलो बाहेर काढायचे आणि उरलेल्या नऊशे अठ्ठ्याऐंशी किलोंना शक्यतो धक्का लावायचा नाही, असे हे काम आहे.

कॅफीन पाण्यात विरघळते. थंड पाण्यात ते बेताचेच विरघळते. शंभर मिलिलिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम. तेच पाणी उकळते असेल तर सुमारे सहासष्ट ग्रॅम विरघळते. तेव्हा बिया गरम पाण्यात भिजत घातल्या की काम झाले, असे कोणालाही वाटेल. कॅफीन बाहेर येते हे खरे. परंतु त्याच्याबरोबर बियांतील साखर येते, क्लोरोजेनिक आम्ले येतात, इतर अनेक विद्राव्य पदार्थ येतात. कॉफीला चव आणि सुवास ज्यांच्यामुळे येतो, ती सामग्री हीच. ती पाण्याबरोबर गेली की हाती उरतो तो निःसत्त्व चोथा.

कॉफीचा सुवास हिरव्या बीमध्ये नसतो. बी दोनशे अंशांच्या वर भाजली जाते, तेव्हा साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यातील रासायनिक क्रियांतून तो जन्माला येतो. भाजल्यानंतर कॅफीन काढू गेल्यास तो तयार झालेला सुवासच धुऊन निघेल. म्हणून कॅफीन नेहमी हिरव्या, न भाजलेल्या बियांतूनच काढतात. म्हणजे ज्याची अजून चव लागलेली नाही, असे भावी चवीचे बीज जपत हे काम करावयाचे असते. कोणत्याही पद्धतीत पहिली पायरी मात्र एकच. बियांना वाफ किंवा पाणी देऊन त्यांतील ओलावा दहा-बारा टक्क्यांवरून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवितात. बी फुगते, तिची रंध्रे मोकळी होतात आणि आतील घटकांशी बांधले गेलेले कॅफीन सुटे होऊ लागते. कोरड्या बीमधून कॅफीन बाहेर येत नाही.

ब्रेमेनचा व्यापारी

हे काम उद्योग म्हणून प्रथम उभे केले ते जर्मनीतील ब्रेमेन बंदरातील कॉफीचा व्यापारी लुडविग रोझेलियस याने. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका जहाजातील कॉफीच्या गोण्या समुद्राच्या पाण्याने भिजल्या. माल वाया गेला असे समजून त्याने तो तपासला, तेव्हा चव फारशी बिघडलेली नव्हती आणि कॅफीन मात्र पुष्कळ कमी झाले होते. आपल्या वडिलांचा मृत्यू अतिरिक्त कॉफीपानाने झाला, अशीही त्याची समजूत होती. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित की त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचे एकस्व मिळविले आणि १९०६ मध्ये ‘कॅफे हाग’ ही कंपनी स्थापन केली. फ्रान्समध्ये हीच कॉफी ‘सांका’ या नावाने विकली जाऊ लागली. ‘कॅफीनविना’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ते नाव घडविले होते.

रोझेलियसच्या पद्धतीत बिया वाफेने फुगवीत आणि मग बेंझीनने धूत. बेंझीन पाण्याच्या मानाने अधिक निवडक आहे. ते कॅफीन विरघळविते आणि साखरेला जवळजवळ हात लावत नाही. शाळेतील धड्याच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर बरोबर होते. परंतु बेंझीन हे रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे, हे पुढे निर्विवाद ठरले. हृदयाला जपण्यासाठी घेतलेली कॉफी अशा द्रव्यातून न्हाऊन येत होती. पिणाऱ्याच्या पेल्यात त्याचा अंश नाममात्र राहत असेल. पण कारखान्यात दिवसभर त्याच्या वाफेत उभे राहणाऱ्या कामगाराचे काय, हा प्रश्न ‘आरोग्यदायी कॉफी’च्या जाहिरातीत कोठेच नव्हता.

एक द्रावक गेले, दुसरे आले

बेंझीनची जागा क्लोरीनयुक्त द्रावकांनी घेतली. त्यांपैकी ट्रायक्लोरोएथिलीन दीर्घकाळ वापरात होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे यकृताचा कर्करोग झाल्याचे दिसून आले, तेव्हा उत्पादकांनी तेही सोडले आणि डायक्लोरोमिथेन पत्करले. हे द्रावक आजही अनेक ठिकाणी वापरले जाते. म्हणून त्याची पद्धत नीट समजून घेणे योग्य होईल.

तिचे दोन प्रकार आहेत. प्रत्यक्ष पद्धतीत फुगविलेल्या बिया कित्येक तास द्रावकाने पुनःपुन्हा धुतात, नंतर वाफ सोडून उरलेले द्रावक घालवितात आणि बिया वाळवितात. अप्रत्यक्ष पद्धतीत बियांना द्रावकाचा स्पर्शच होत नाही. बिया गरम पाण्यात भिजवून सर्व विद्राव्य घटक पाण्यात उतरवून घेतात. बिया बाजूला काढून फक्त ते पाणी द्रावकाबरोबर घुसळतात. कॅफीन द्रावकात जाते. मग पाणी तापवून द्रावकाचा अंश उडवून देतात आणि चवीचे घटक असलेले ते पाणी पुन्हा बियांत मुरवितात.

डायक्लोरोमिथेनचा उकळबिंदू सुमारे ४० अंश सेल्सियस आहे. बिया भाजताना तापमान दोनशेच्या वर जाते. त्यामुळे भाजलेल्या कॉफीत त्याचा लवलेशच उरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग अशी ठरविली आहे. युरोपात ती दोन भाग इतकी कडक आहे. याच अमेरिकी प्रशासनाने १९८९ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत, म्हणजे केसांवरील फवाऱ्यांत वगैरे, हे द्रव्य वापरण्यास बंदी केली. कॉफीसाठी मात्र परवानगी कायम ठेवली. यात वरवर दिसते तेवढी विसंगती नाही. फवारा नाकावाटे थेट फुप्फुसात जातो, कॉफीतील अंश भट्टीतच उडून जातो. परंतु यातून एक गोष्ट स्पष्ट होते. धोका पेल्यापेक्षा वाफेत जास्त आहे, आणि वाफेजवळ कामगार असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये या द्रव्याच्या बहुतेक औद्योगिक आणि सर्व घरगुती उपयोगांवर बंदी आणणारा नियम केला, तो मुख्यतः ते हाताळणाऱ्यांच्या रक्षणासाठी. अन्नप्रक्रियेतील वापर निराळ्या कायद्याखाली येत असल्याने तो त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिला.

दुसरे द्रावक म्हणजे एथिल अ‍ॅसिटेट. पिकलेल्या फळांच्या वासात ते अल्प प्रमाणात असते. या आधारावर वेष्टनावर ‘नैसर्गिक पद्धती’ असे छापले जाते. कोलंबियात ते उसापासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून बनवितात आणि ती कॉफी उसाच्या नावाने खपते. आपल्या उसाच्या मुलखातील श्रोत्यांना यात नवल वाटू नये. मळीच्या अल्कोहोलपासून एथिल अ‍ॅसिटेट आपल्या देशातही तयार होते. ते तुलनेने निरुपद्रवी आहे, पण अत्यंत ज्वालाग्राही आहे. हिशेबाचे एक कलम कमी झाले की दुसरे पुढे येते, ते असे.

पाण्यालाच निवड शिकविणे

पाणी सर्वांत निर्धोक. पण ते निवड करीत नाही, ही त्याची अडचण आपण पाहिली. या अडचणीवर एक सुंदर तोड निघाली. तिचे मूळ १९३० च्या दशकातील स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि व्यापारी प्रमाणावर ती १९८० च्या सुमारास आली. पुढे १९८८ पासून कॅनडात व्हँकूव्हरजवळ तिचा मोठा कारखाना सुरू झाला. ही पद्धत ‘स्विस वॉटर’ या नावाने ओळखतात.

तिचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातील एका अनुभवावरून समजेल. खारवलेल्या कैरीच्या फोडी साध्या पाण्यात टाकल्या तर त्यांतील मीठ पाण्यात उतरते. त्याच फोडी तितक्याच खाऱ्या पाण्यात ठेवल्या तर मीठ उतरत नाही, कारण आत-बाहेर मिठाचे प्रमाण सारखेच असते. पदार्थ जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जातात. आता असे पाणी कल्पा की ज्यात कॉफीतील साखर, आम्ले आणि अन्य सर्व विद्राव्य घटक बीमध्ये असतात त्या प्रमाणात आधीच विरघळलेले आहेत, फक्त कॅफीन नाही. या पाण्यात नव्या हिरव्या बिया टाकल्या तर काय होईल? बाकीचे घटक जागच्या जागी राहतील आणि कॅफीन तेवढे बाहेर पडेल.

असे पाणी बनविण्यासाठी पहिल्या खेपेच्या बियांचा त्याग करावा लागतो. त्यांचा सर्व अर्क पाण्यात उतरवून ते पाणी क्रियाशील कोळशातून गाळतात. कोळसा कॅफीन धरून ठेवतो आणि बाकीचे घटक सोडून देतो. पुढच्या खेपांत हेच पाणी बिया आणि कोळसा यांच्यामध्ये फिरत राहते. बियांतून कॅफीन घ्यायचे, कोळशात ठेवायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे, असे त्याचे काम. येथे दुसरे द्रावक नाही.

धड द्रव नाही, धड वायू नाही

तिसरा मार्ग कॉफीच्या शोधात सापडलेला नाही. जर्मनीतील म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल हा रसायनज्ञ वेगळ्याच कामात होता. विशिष्ट दाबाखालील वायू मिश्रणातील काही घटक निवडून विरघळवितात, हे त्याला १९६० च्या दशकात आढळले. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ही निवड कॅफीनला नेमकी लागू पडली.

कोणताही वायू थंड करून दाबला की त्याचा द्रव होतो. परंतु प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी द्रव होत नाही. कार्बन डायऑक्साइडचे हे तापमान सुमारे ३१ अंश आणि क्रांतिक दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पट आहे. या दोन्ही मर्यादा ओलांडल्या की तो एका विलक्षण अवस्थेत जातो. वायूसारखा तो बीच्या सूक्ष्म रंध्रांत सहज शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवितो. ओल्या बिया जाड पोलादी मनोऱ्यात भरून त्यांतून वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक दाबाखाली हा वायू तासन् तास फिरवितात. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा शंभर पट आहे. कॅफीन घेऊन आलेला वायू पाण्याने किंवा कोळशाने स्वच्छ करून पुन्हा आत सोडतात. साखर आणि प्रथिने बियांतच राहतात. दाब काढला की वायू उडून जातो. मागे काहीच उरत नाही. ज्या ब्रेमेनमध्ये बेंझीनपासून प्रारंभ झाला होता, त्याच ब्रेमेनमध्ये हाग कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत कारखान्यात आणली. हिशेबात येथे उरते ते एकच मोठे कलम : पैसा. इतका दाब सोसणारी यंत्रसामग्री फक्त फार मोठ्या उत्पादनालाच परवडते.

काढलेल्या कॅफीनचे काय होते?

ते फेकले जात नाही. द्रावकातून किंवा पाण्यातून परत मिळविलेले कॅफीन शुद्ध करून शीतपेयांच्या आणि औषधांच्या कारखान्यांना विकतात. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ते असते. आज कृत्रिम रीतीने बनविलेले कॅफीनही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. आपल्या देशात चहाच्या कारखान्यांतील टाकाऊ चुऱ्यापासून कॅफीन काढतात. त्या चुऱ्याच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवणारा आदेश केंद्र सरकारने १९५९ मध्येच काढला होता. म्हणजे एकाने जपून कॉफी प्यावी म्हणून काढलेले कॅफीन दुसऱ्याच्या शीतपेयात जाऊन पोहोचते. ज्यांनी कॉफी सोडली आहे, त्यांनी बाटलीवरील मजकूरही वाचावा, तो यासाठी.

‘मुक्त’ म्हणजे किती मुक्त?

अमेरिकेतील प्रचलित प्रमाणानुसार कॅफीनचा किमान ९७ टक्के भाग काढलेला असावा लागतो. युरोपात भाजलेल्या कॉफीत ते वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक चालत नाही. साध्या कॉफीच्या पेल्यात शंभर मिलिग्रॅम कॅफीन धरले, तर ९७ टक्के काढल्यावर तीन मिलिग्रॅम उरते. बहुतेकांना ते नगण्य आहे. ज्यांना कॅफीनचा अतिशय त्रास होतो, त्यांनी मात्र ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘शून्य’ असा करू नये.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कॅफीन काढले म्हणजे कॉफीचे सर्वच परिणाम गेले, असे नाही. पोटातील आम्ल वाढविण्यास कॉफीतील इतर घटकही कारण होतात. त्यामुळे आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना या कॉफीनेही जळजळ होऊ शकते. झोप, धडधड आणि गरोदरपण या तीन बाबतींत तिचा उपयोग खरा आहे. आपल्याकडे कॉफीत चिकोरी मिसळण्याची जुनी पद्धत आहे. चिकोरीत कॅफीन मुळीच नसते. तेव्हा निम्मी चिकोरी असलेल्या भुकटीच्या कॉफीत, भुकटी तेवढीच घेतली तर, कॅफीनही निम्मेच असते. हा उपाय करण्यासाठी कारखान्याची गरज नाही.

कारखानाच नको, झाडच कॅफीनविना उगवावे, असेही प्रयत्न चालू आहेत. मूळ इथिओपियातील बियाण्यापासून वाढविलेल्या झाडांत जवळजवळ कॅफीन नसलेली काही अरेबिका झाडे ब्राझीलमधील संशोधकांना आढळली, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅमेरूनमधील एका रानटी जातीचे वर्णन २००८ मध्ये झाले. तिच्या बीमध्ये कॅफीनच नाही. परंतु भरपूर पीक, रोगप्रतिकार आणि चव यांचा मेळ अशा झाडांत बसावयाचा आहे. तोपर्यंत वजाबाकी कारखान्यातच होणार.

म्हणून शेवटी एक विनंती. ‘कॅफीन काढलेली’ असे लिहिलेले पाकीट हाती आले की पद्धत कोणती, ते त्यावर शोधा. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरला असेल तर उत्पादक ते सहसा अभिमानाने छापतो. काहीच छापले नसेल तर पत्र लिहून विचारा. ग्राहकाचा तो अधिकार आहे. बेंझीन गेले, ट्रायक्लोरोएथिलीन गेले, ते कोणीतरी चिकाटीने तपासले आणि विचारले म्हणूनच. आपल्या मुलांना शाळेत वाळू-मिठाचा प्रयोग शिकविताना ‘मीठ कशात विरघळले?’ असे आपण विचारतोच. तो प्रश्न मोठेपणीही विचारत राहावे.